हट्टी इसबावर जॅक गोळ्या आणि ड्युपिलुमॅब: सुरू करण्याआधी फॅमिली डॉक्टरने काय बघायचं?

तालुक्याचा_जीपी

त्वचारोगतज्ज्ञ शहरात, पेशंट इथे. म्हणजे चिठ्ठी तिकडची आणि देखरेख आमची. वर्षा-दोन वर्षांत या चिठ्ठ्यांवर नवी नावं दिसू लागली आहेत: टोफासिटिनिब, बॅरिसिटिनिब, उपाडासिटिनिब या जॅक गोळ्या (पेशीतले जॅक नावाचे संदेशवाहक अडवणाऱ्या), क्वचित ड्युपिलुमॅबचं इंजेक्शन. सध्या समोर असलेले दोन पेशंट देतो.

१) पुरुष, ५२, शेतकरी. सहा वर्षं खाज. चेहरा, पापण्या, मान, हनुवटीखाली, कानामागे आणि कोपराच्या घडीत कातडी जाड आणि काळपट. पावसाळ्यात वाढतं. मधुमेह आहे, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.८. रोज १०-१२ बिड्या. आजवर क्लोबेटासोल (तीव्र स्टेरॉइड मलम) आणि अधूनमधून प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड गोळी) २० मिग्रॅ. चिठ्ठी: टोफासिटिनिब ५ मिग्रॅ दिवसातून दोनदा. तपासण्यांबद्दल चिठ्ठीत काही नाही.

२) स्त्री, २४. लहानपणापासून इसब, सोबत दमा. ईझी स्कोअर (इसबाची तीव्रता, ७२ पैकी) २४, खाज १० पैकी ८, रात्रीची झोप नाही. सायक्लोस्पोरिनने (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चांगला फरक होता, पण सातव्या महिन्यात क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी) वाढल्यामुळे बंद करावं लागलं. आता ड्युपिलुमॅब किंवा उपाडासिटिनिब असे दोन पर्याय दिले आहेत. सहा महिन्यांनी लग्न आहे. मॅन्टू (क्षयाची त्वचेवरची चाचणी) १२ मिमी, एक्स-रे स्वच्छ.

कोणत्या तपासण्या आधी, कोणत्या नंतर आणि किती दिवसांनी? काय दिसलं की औषध थांबवायचं? पेशंट २ ला कोणतं औषध जास्त योग्य?

---

त्वचा_मराठवाडा

पेशंट १ ची गोळी आज सुरू करू नका. तुम्ही लिहिलेल्या जागा पुन्हा वाचा: पापण्या, कानामागे, हनुवटीखाली, कोपराची घडी. उन्हाची ॲलर्जी असती तर नेमक्या याच जागा, जिथे ऊन पोचत नाही, सुटल्या असत्या. इथे त्याच धरल्या आहेत, म्हणजे कारण हवेतून येऊन बसतंय. पन्नाशीतला शेतकरी, आजार प्रौढपणी सुरू झालेला, पावसाळ्यात वाढ. गाजर गवताचा संपर्क त्वचादाह नाही हे सिद्ध होईपर्यंत तोच धरून चाला. हे गवत आपल्याकडे पहिल्यांदा पुण्यात, १९५०च्या दशकात नोंदलं गेलं. आज बांधावर, रस्त्याकडेला, पडीक रानात सगळीकडे आहे. वाळलेल्या गवताचा भुगासुद्धा तितकाच त्रास देतो, त्यामुळे "आता फुलोरा नाही" हे कारण पुरेसं नाही.

पॅच टेस्ट (कशाची ॲलर्जी आहे ते त्वचेवर बघायची चाचणी) करून घ्या. पाठीवर ४८ तास पट्ट्या, वाचन ४८ आणि ९६ तासांनी. प्रेडनिसोलोन १० मिग्रॅच्या वर चालू असेल तर चाचणी खोटी नकारात्मक येऊ शकते, आणि पाठीला आठवडाभर तरी स्टेरॉइड मलम लागलेलं नको. घामाने पट्ट्या सुटतात, म्हणून शक्यतो मे महिन्यात करू नका. ते दोन दिवस आंघोळ आणि शेतातली कामं बंद, हे आधीच नीट समजावून सांगा, नाहीतर अर्ध्या पट्ट्या गळून आलेला पेशंट परत येतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

आता गोळीबद्दल. सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्था) टोफासिटिनिब, बॅरिसिटिनिब आणि उपाडासिटिनिबवरच्या ठळक इशाऱ्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या आणि मृत्यू यांची भर घातली. आधार होता टोफासिटिनिबचा अभ्यास: वय ५० किंवा जास्त, हृदयविकाराचा किमान एक धोका असलेले संधिवाताचे पेशंट. तो अभ्यास इसबाचा नव्हता हे खरं. पण ५२ वर्षं, मधुमेह आणि बिडी असलेला माणूस नेमका त्याच रांगेत बसतो. शिवाय टोफासिटिनिबला इसबासाठी अमेरिकेत किंवा युरोपात मान्यता नाही. आपल्याकडे ते स्वस्त आहे म्हणून लिहिलं जातं. किंमत हे खरं कारण आहे, मी ते नाकारत नाही, पण या पेशंटसाठी ते पुरेसं कारण नाही.

त्याच्यासाठी अॅझाथायोप्रिन हा प्रतिकारशक्ती दाबणारा, जुना आणि आजही कामाचा पर्याय आहे, १ ते २ मिग्रॅ प्रति किलो. आधी टीपीएमटी आणि एनयूडीटी१५ (हे औषध शरीरात निकामी करणारी विकरं) दोन्ही बघा. भारतीयांत एनयूडीटी१५चे बदल जास्त सापडतात, आणि नुसतं टीपीएमटी बघून सुरू केलं तर पांढऱ्या पेशी अचानक कोसळू शकतात. अचानक गळणारे केस ही त्याची लवकर दिसणारी खूण आहे. तशी तक्रार आली की त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). एरवी पहिल्या दोन महिन्यांत दर दोन आठवड्यांनी सीबीसी आणि यकृताच्या चाचण्या. युरिक अॅसिडसाठी अॅलोप्युरिनॉल घेत असेल तर अॅझाथायोप्रिन देऊच नका. आणि औषध कोणतंही असो: पूर्ण बाह्या, तोंडाला सुती रुमाल, शेतातून आल्यावर लगेच आंघोळ आणि कपडे बदलणं. गवत फुलोऱ्याआधी दुसऱ्या कोणीतरी उपटायचं, त्याने नाही.

पेशंट २ साठी माझं मत ड्युपिलुमॅब.

खाजेच्या संदेशात आयएल-४, आयएल-१३ आणि आयएल-३१ (आयएल म्हणजे इंटरल्युकिन) ही मुख्य रसायनं. आयएल-४ आणि आयएल-१३ पेशीवर ज्या कुलपात बसतात त्याचा एक भाग दोघांना सामाईक आहे. ड्युपिलुमॅब तोच भाग अडवतं, बाकी प्रतिकारशक्तीला फारसा हात लावत नाही. उपाडासिटिनिब पेशीच्या आत, जॅक-१ या सांध्यावर काम करतं. त्या सांध्यावरून कितीतरी वेगवेगळे संदेश जातात. म्हणून खाज एक-दोन दिवसांत उतरायला लागते, आणि म्हणूनच नागीण, मुरूम, रक्तातली चरबी वाढणं, रक्तपेशी कमी होणं हेही सोबत येतं.

तिला दमा आहे, ड्युपिलुमॅबने त्यालाही फायदा होऊ शकतो. इन्हेलर मात्र स्वतःहून बंद करायचा नाही, हे दोनदा सांगा. लग्नानंतर दिवस राहिले तर उपाडासिटिनिब चालत नाही. ते घेताना आणि शेवटच्या गोळीनंतर ४ आठवडे गर्भनिरोधन सक्तीचं. ड्युपिलुमॅबची गरोदरपणातली माहिती मर्यादित आहे, पण आतापर्यंतच्या नोंदींत जन्मदोषांचा ठोस इशारा दिसलेला नाही.

मात्रा: पहिल्या दिवशी ६०० मिग्रॅ, म्हणजे ३००ची दोन इंजेक्शनं वेगवेगळ्या जागी. मग दर दोन आठवड्यांनी ३००. खाज साधारण दुसऱ्या आठवड्यापासून हलायला लागते, पण निकाल १६ आठवड्यांनी लावायचा. अपेक्षा मोजून ठेवा: ईझी २४ चा ६ किंवा खाली, खाज ८ ची ४ किंवा खाली. सहाव्या आठवड्यात "काही उपयोग नाही" म्हणून सोडणारे बरेच असतात. त्या काळात मलमं चालूच ठेवायची: चट्ट्यांवर मध्यम ताकदीचं स्टेरॉइड, चेहऱ्यावर आणि पापण्यांवर टॅक्रोलिमस (स्टेरॉइड नसलेलं मलम), अंगाला दर आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम मॉइश्चरायझर. ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरते असं पेशंट म्हणत असेल तर तो पुरेसं लावत नाही.

डोळ्यांकडे लक्ष ठेवा. लाली, चुरचुर, पाणी हा ड्युपिलुमॅबचा नेहमीचा त्रास. सौम्य असेल तर संरक्षक द्रव्य नसलेले कृत्रिम अश्रू दिवसातून चार-सहा वेळा. आठवड्यात बसलं नाही, किंवा दिसायला अंधुक झालं, प्रकाश सहन होईना, तर नेत्रतज्ज्ञ. स्वतःहून स्टेरॉइडचे थेंब नकोत. याच्यामुळे इंजेक्शन बंद करायची वेळ क्वचितच येते.

---

छातीरोग_विदर्भ

मॅन्टूबद्दल. १२ मिमी सकारात्मक आहे, पण लहानपणच्या बीसीजी लशीमुळे आपल्याकडे त्यात थोडी शंका राहते. जॅक गोळी द्यायची असेल तर इग्रा (क्षयाची रक्तचाचणी) करून घ्या, बीसीजीचा त्यावर परिणाम होत नाही. नुसता एक्स-रे स्वच्छ आहे म्हणून सुप्त (शरीरात दबून असलेला, लक्षणं नसलेला) क्षय नाही असं म्हणता येत नाही. ही चूक फार दिसते. उलट बाजूही लक्षात ठेवा: प्रेडनिसोलोन चालू असताना मॅन्टू खोटी नकारात्मक येऊ शकते आणि इग्रा "अनिर्णित" येऊ शकते. तुमच्या पेशंट १ ला पुढे कधी हे लागलंच, तर ही गोष्ट विसरू नका.

ड्युपिलुमॅबला क्षयाची तपासणी सक्तीची नाही. जॅकला आहे. सुप्त क्षय निघाला तर आधी सक्रिय क्षय नाही याची खात्री: खोकला, ताप, वजन, गाठी. मग प्रतिबंधक उपचार, आणि त्याचा किमान एक महिना झाल्यावर जॅक.

इथे एक अडचण आहे. सध्या सोयीचा वाटतो तो बारा आठवड्यांचा साप्ताहिक कोर्स, त्यात आयसोनियाझिडसोबत रिफापेंटिन असतं. रिफापेंटिन आणि रिफॅम्पिसिन यकृतातली विकरं इतकी वाढवतात की टोफासिटिनिब, उपाडासिटिनिब, अॅब्रोसिटिनिब (हीही जॅक गोळीच) यांची रक्तातली पातळी पडते. पेशंट गोळी नियमित घेतोय, तरी खाज परत. मग मात्रा वाढवली जाते, आणि कोर्स संपला की पातळी एकदम चढते. म्हणून जॅक लवकर सुरू करायची असेल तर सहा महिने रोजचं आयसोनियाझिड, ५ मिग्रॅ प्रति किलो, जास्तीत जास्त ३०० मिग्रॅ, सोबत पायरिडॉक्सिन (व्हिटॅमिन बी६), दर महिन्याला यकृताच्या चाचण्या. मेथोट्रेक्सेट किंवा दारू असेल तर चाचण्या आणखी जवळजवळ.

---

औषधपेढी_कल्याण

वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत. काउंटरवर जे चुकतं ते सांगतो.

पहिली गोष्ट बुरशीची औषधं. नायट्यासाठी इट्राकोनॅझोल आणि फ्लुकोनॅझोल आपल्याकडे किती सहज लिहिली जातात, तुम्हाला माहीत आहे. इट्राकोनॅझोलने उपाडासिटिनिब आणि टोफासिटिनिबची पातळी वाढते. फ्लुकोनॅझोलने टोफासिटिनिब आणि अॅब्रोसिटिनिबची. क्लॅरिथ्रोमायसिनही याच यादीत. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या, दोन दुकानं, आणि कोणालाच दुसरं औषध माहीत नाही, असं होतं. जॅक घेणाऱ्या पेशंटला औषधाचं नाव आणि मात्रा लिहिलेला कागद पाकिटात ठेवायला सांगा.

दुसरी: अॅब्रोसिटिनिबच्या पहिल्या तीन महिन्यांत क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी औषधं चालत नाहीत. अॅस्पिरिन रोज ८१ मिग्रॅपर्यंत चालतं, म्हणजे आपल्याकडची ७५ची गोळी चालेल, १५० नाही. या औषधात प्लेटलेट साधारण चौथ्या आठवड्यात तळाला जातात, म्हणून सीबीसी तेव्हाच करायची.

तिसरी: उपाडासिटिनिब आणि टोफासिटिनिब ११ मिग्रॅ या सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या आहेत. अर्धी करून "दोन दिवस पुरवायची" नाही. पैसे वाचवण्यासाठी लोक तसं करतात, आणि मग अर्ध्या गोळीतलं औषध एकदम सुटतं.

ड्युपिलुमॅब २ ते ८ अंशांत, फ्रीजच्या मधल्या कप्प्यात. बर्फाच्या खणाजवळ नको, दारातही नको. गोठलेली सिरिंज वितळवून वापरू नये. बाहेर काढली तर २५ अंशांपर्यंत जास्तीत जास्त १४ दिवस. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीचं तापमान २५ अंशांवर असतंच, त्यामुळे ही सवलत उन्हाळ्यात नाही असंच समजा. भारनियमन असलेल्या गावात एक-एकच सिरिंज न्यावी आणि थर्मासच्या पेटीत, बर्फाला थेट न टेकवता न्यावी. ३०० मिग्रॅची सिरिंज टोचण्याआधी ४५ मिनिटं बाहेर ठेवायची, गरम पाण्यात नाही, उन्हात नाही, हलवायची नाही. थंडगार टोचली की जळजळ होते आणि पेशंट पुढच्या वेळी टाळाटाळ करतो.

जागा: मांडी किंवा पोट, बेंबीभोवतीची ५ सेंटिमीटर सोडून. दंडावर फक्त दुसऱ्याने टोचायचं. दर वेळी जागा बदलायची आणि चट्ट्यावर, ओरखड्यावर नाही. दोन आठवड्यांचा डोस चुकला आणि सात दिवसांच्या आत आठवलं तर घ्या, पुढची तारीख जुनीच. सात दिवस उलटले तर सोडून द्या आणि पुढच्या ठरलेल्या तारखेला घ्या.

---

तालुक्याचा_जीपी

मनापासून आभार. पेशंट १ चं पॅच टेस्टसाठी पत्र लिहिलं आहे. पेशंट २ च्या घरच्यांना ड्युपिलुमॅबचा खर्च झेपेल का याची खात्री नाही. उद्या उपाडासिटिनिबवरच यावं लागलं तर रक्ततपासणीचं वेळापत्रक आणि थांबण्याचे आकडे द्याल का? आणि तिसरा पेशंट: ६३ वर्षांचे गृहस्थ, दोन्ही नडग्या आणि हातांवर कडक, खाजऱ्या गाठी, चार वर्षं. पाठीच्या मधोमध, जिथे हात पोचत नाही, तिथे एकही नाही.

---

त्वचा_मराठवाडा

आधी वेळापत्रक. उपाडासिटिनिब सुरू करण्यापूर्वी: सीबीसी, यकृत, क्रिएटिनिन, लिपिड, हिपॅटायटिस बीचे पृष्ठभाग प्रतिजन आणि गाभ्याविरुद्धचं प्रतिपिंड हे दोन्ही, हिपॅटायटिस सी, एचआयव्ही, इग्रा, छातीचा एक्स-रे आणि तिच्या बाबतीत गर्भधारणा चाचणी. पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट ५०० च्या खाली, न्यूट्रोफिल १००० च्या खाली किंवा हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल तर सुरू करू नका. चालू असताना इथवर घसरले तरी थांबवा, आकडे सुधारले की पुन्हा. त्यानंतर चौथ्या आठवड्यात सीबीसी आणि यकृत, बाराव्यात यांच्यासोबत लिपिड, पुढे दर तीन महिन्यांनी. मात्रा १५ मिग्रॅपासून. तिचं क्रिएटिनिन पूर्ववत झालं का हे आधी बघा.

जिवंत लस (कमजोर केलेल्या जिवंत जंतूंची) द्यायची असेल तर ती गोळीच्या आधी. रुबेला प्रतिपिंड तपासा, नसेल तर एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची जिवंत लस) देऊन किमान चार आठवडे थांबा. लग्न जवळ आहे, हे तसंही करायलाच हवं. ड्युपिलुमॅब दिलं तरी जिवंत लस टाळायचीच असते.

थांबायचं केव्हा: नागीण आली, ताप आणि न्यूमोनिया, एका पायाला सूज व पोटरी दुखणं, अचानक दम लागणं. आणि एक खूण पेशंटला फोटो दाखवून शिकवा: इसबाच्या चट्ट्यावर एकाच आकाराचे, गोल, टोच्याने खणल्यासारखे खळगे, सोबत ताप आणि वेदना. हे नागिणीच्या कुळातल्या विषाणूचं पसरलेलं संसर्गरूप आहे. त्याला इसब चिघळला समजून स्टेरॉइड वाढवलं तर जिवावर बेतू शकतं. त्याच दिवशी असायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर, आणि चेहरा वा डोळ्याजवळ असेल तर भरती.

जॅक अचानक बंद केली की खाज काही दिवसांत परत येते. पैसे संपले म्हणून मध्येच थांबणार असतील तर आधीच सांगायला लावा, म्हणजे मलमांची आणि दुसऱ्या औषधाची तयारी ठेवता येते.

---

त्वचा_गोवा

६३ वर्षांच्या गृहस्थांच्या गाठी प्रुरायगो नोड्युलॅरिसच्या (खाजऱ्या गाठींचा जुनाट आजार) वाटतात. पाठीचा मधला भाग कोरा असणं हीच तिची ओळख: गाठी खाजवण्यातून तयार होतात, हात पोचत नाही तिथे होत नाहीत. पण हे नाव लिहून थांबू नका, खाज कशामुळे ते शोधा. क्रिएटिनिन, यकृत, साखर, थायरॉइड, सीबीसी, लोह, एचआयव्ही, हिपॅटायटिस सी. वजन घटलंय का, रात्री घाम येतो का, काखेत-जांघेत गाठी आहेत का हे विचारा. मूत्रपिंडाची खाज आणि लिम्फोमाची खाज असंच रूप घेऊन येऊ शकतात.

त्याआधी खरूज. बोटांच्या बेचक्या, मनगट, कंबर, जननेंद्रिय बघा. घरात आणखी कोणी खाजवतं का विचारा. शंका असेल तर सगळ्या कुटुंबाला एकाच रात्री परमेथ्रिन ५ टक्के, मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, ८ ते १२ तास, सात दिवसांनी पुन्हा. प्रौढाला एका वेळी सुमारे ३० ग्रॅम लागतं. खरूज गेल्यावरही गाठी काही आठवडे खाजत राहतात, त्याला उपचार फसला असं समजू नका.

नायटाही वगळा. कडेची खपली खरवडून केओएच (सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी बघायची चाचणी). स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांनी नायट्याचं रूप इतकं बदलतं की त्याला इसब म्हणून वर्षानुवर्षं उपचार होतात. २०१८ मध्ये सरकारने स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये (चिठ्ठीवरच विकायच्या औषधांची यादी) आणली, तरी चिठ्ठीशिवाय ती मिळतात.

साठीनंतर पहिल्यांदा सुरू झालेला "इसब" असेल आणि तो कशालाच दाद देत नसेल, तर लक्ष्यवेधी औषधाआधी (ड्युपिलुमॅब, जॅक वगैरे) बायॉप्सी (त्वचेचा तुकडा काढून तपासणी). एकच तुकडा नको, दोन-तीन जागांचे घ्या आणि आधी दोन आठवडे त्या जागांवर स्टेरॉइड मलम नको. त्वचेचा टी-पेशी लिम्फोमा (पांढऱ्या पेशींचा कर्करोग) इसबासारखा दिसतो, आणि ड्युपिलुमॅब दिल्यावर तो उघडा पडल्याच्या, भराभर वाढल्याच्या नोंदी आहेत. खाज थोडी कमी आणि चट्टे मात्र पसरतायत, जाड होतायत, असं दिसलं की पुढचं इंजेक्शन थांबवून बायॉप्सी.

निदान पक्कं झालं तर ड्युपिलुमॅबला या आजारासाठी अमेरिकेत सप्टेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली आहे. मात्रा तीच, ६०० आणि मग दर दोन आठवड्यांनी ३००. आयएल-३१च्या कुलपावर काम करणारं नेमोलिझुमॅब तिथे ऑगस्ट २०२४ मध्ये आलं: सुरुवात ६० मिग्रॅ, मग ९० किलोच्या खाली वजन असेल तर दर चार आठवड्यांनी ३०. इथे धीर जास्त लागतो. खाज आधी जाते, गाठी सपाट व्हायला महिने लागतात. म्हणून १६ नाही, २४ आठवड्यांनी ठरवा. तोवर गाठींवर क्लोबेटासोल रात्री लावून वर प्लॅस्टिकची पट्टी, मोजक्या मोठ्या गाठींत ट्रायअॅम्सिनोलोन (स्टेरॉइड इंजेक्शन) १० मिग्रॅ प्रति मिली, आणि रात्री गॅबापेंटिन (मज्जातंतूंवर काम करून खाज कमी करणारी गोळी) १०० मिग्रॅपासून. त्यांचं क्रिएटिनिन आल्याशिवाय गॅबापेंटिन वाढवू नका. या वयात झोपेत उठताना तोल जाऊन पडण्याची भीती खरी आहे, आणि रात्री लघवीला जाताना दिवा लावायला घरच्यांना सांगून ठेवा.